गोरायस्कींच्या फळ्यावरची दोन वर्तुळं

१

प्रोफेसर गोरायस्की आपल्या खोलीत शेगडीच्या धुराने मेले, आणि त्यांच्या फळ्यावर दोन वर्तुळं काढलेली सापडली. पहिल्या गोष्टीचं तर्कशास्त्र विभागात कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. दुसरीने मात्र सगळे हादरले.

गोरायस्कींच्या फळ्यावर चित्र काढायला बंदी होती. तर्क म्हणजे अक्षरं, कंस आणि खुणा, बाकी सगळी बालवाडी, असं त्यांचं मत. दर गुरुवारी त्यांच्याकडे चर्चेची बैठक भरायची. तिथे कोणी मुद्दा पटवायला म्हणून चित्र काढलंच, तर त्याने उठून ओल्या स्पंजने अख्खा फळा पुसायचा आणि तोवर बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायचं, असा रिवाज होता. अंगावर कोट, नावापुढे पदव्या, आणि एका वर्तुळापायी ही मंडळी अशी माना वळवायची, जणू कोणाची विजार सुटली आहे.

हा रिवाज मोडणारी एकच व्यक्ती होती, डोसेंट लुदमिवा हुलेविच. डोसेंट म्हणजे प्रोफेसरच्या खुर्चीच्या एक पायरी खाली, आणि त्या पायरीवर या बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. जे अक्षरांनी सिद्ध होतं ते वर्तुळांनीही होतं, आणि वर्तुळात चूक लपत नाही, असं त्या म्हणायच्या. बरोबर की चूक हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण त्यांचं एकही चित्र शेवटपर्यंत कोणी पाहिलंच नव्हतं. न पाहणं हीच तिथली सभ्यता होती.

प्रेत सापडलं ते अपोलोन्याला. ती त्या इमारतीतल्या धुराड्याच्या शेगड्या पेटवायची. बैठक संपली की प्रोफेसर रम घातलेला चहा पिऊन चामड्याच्या कोचावर झोपायचे आणि त्यांचं घोरणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. शुक्रवारी सकाळी अपोलोन्या राख काढायला गेली तर घोरणं नव्हतं. धुराड्याची झडप बंद होती. जिवंत निखाऱ्यांवर झडप लावली की माणूस उठत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. अपोलोन्याने तोंडाला डोक्यावरचा रुमाल लावला, खिडकीची काच फोडली आणि बोंब ठोकली. झडप मी उघडी ठेवली होती, हे ती शपथेवर सांगत होती. फळ्यावर तिला मोठे पांढरे गोल दिसले. चष्मा घरी होता, त्यामुळे त्यापलीकडे काही दिसलं नाही.

मिलिशियाचा, म्हणजे आमच्या पोलिसांचा, लेफ्टनंट आला. त्याने फळा होता तसा कागदावर उतरवून घेतला, खोलीला कुलूप घातलं आणि लाख लावली. नंतर आत कोणालाही सोडलं नाही. पण गोल दिसल्याची बातमी अपोलोन्याच्या बोंबेबरोबर सगळीकडे गेलीच होती. गुरुवारी संध्याकाळी बैठकीनंतर हुलेविचबाई गमबूट विसरले म्हणून परत आल्या होत्या, असं दरवानाने सांगितलं. वर्तुळं बाईंची, परत आल्या त्याही बाई, आणि प्रोफेसर त्यांचे वर्ग बंद करायला निघाले होते हे तर जगजाहीर. लेफ्टनंटने त्यांना जेवणाआधीच उचललं.

विभागातले लोक मग जेवायला गेले. त्या दिवशी खाणावळीत आंबट पिठाचं सूप चांगलं झालं होतं, असं त्यांच्यातल्याच एकाने नंतर मला सांगितलं.

२

खटल्याचा तपास आमच्याकडे सरकारी वकील करतात; हा लेओकाद्या सार्नेत्स्का यांच्याकडे आला. मी त्यांची गाडी चालवायचो. बाईंना साक्षीदारासमोर एकटं बसायला आवडायचं नाही. मी कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसायचो. शिकलेला माणूस ड्रायव्हरसमोर सावध राहत नाही, एवढाच माझा उपयोग होता.

लेफ्टनंटने उतरवलेला कागद बघून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मला वाचता यायला लागलं ते तिशी उलटल्यावर, पण चित्र बघायला शाळा लागत नाही. एक मोठं वर्तुळ, त्याखाली लिहिलेलं ‘पुरावे’. एक लहान वर्तुळ, त्याखाली ‘चित्रं’. दोन्ही एकमेकांत थोडी शिरलेली, आणि जिथे शिरली तो मधला तुकडा खडूने गच्च भरलेला.

“काय कळतं, व्हालेंती?” बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, काही चित्रं पुरावे असतात, असं दिसतंय. तो मधला भाग मुद्दाम दाखवलाय.

“मलाही तेच वाटलं. आणि हुलेविचबाईही आयुष्यभर तेच म्हणत आल्या. उघडच आहे, नाही?” सार्नेत्स्काबाईंना उघड गोष्टींचा राग होता. आम्ही कोठडीकडे निघालो.

हुलेविचबाई उंच, हाडाच्या, शाल घट्ट लपेटून बसलेल्या. रडल्या नव्हत्या. चहा मागितला होता तो मिळाला होता आणि तो वाईट होता, एवढीच तक्रार केली. खून सिद्ध झाला तर उरलेलं आयुष्य तुरुंगात जाईल, हे सार्नेत्स्काबाईंनी त्यांना सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, मला फक्त एवढंच सांगा की मी काय काढलं म्हणतात. फळा त्यांनीही पाहिला नव्हता.

बाईंनी कागद पुढे सरकवला.

हुलेविचबाईंनी पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. खोकला लागेपर्यंत हसल्या. पहारेकरी दारातून डोकावून गेला.

मग त्यांनी बोट चहात बुडवलं आणि टेबलावर दोन वर्तुळं काढली, एकमेकांत शिरलेली. अशी नुसती काढली तर मी अजून काहीच बोललेले नाही, त्या म्हणाल्या. कोरा भाग म्हणजे माहीत नाही. तिथे कोणी असेल, नसेल. कोणीतरी नक्की आहे असं सांगायचं तर तिथे फुली मारायची. आणि भाग भरून टाकला, तर तिथे काहीच नाही.

“भरला म्हणजे नाही?” सार्नेत्स्काबाईंनी विचारलं.

“विहीर भरून टाकली तर पाणी मिळतं का? भरणं म्हणजे बुजवणं. या कागदावर चित्रं आणि पुरावे यांच्यामधली जागा बुजवलेली आहे. म्हणजे एकही चित्र पुरावा नसतं. हे गोरायस्कींचं वाक्य आहे. वीस वर्षं हे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं त्यांनी. मला अडकवायला कोणी माझं सोंग घेतलं आणि माझ्या तोंडी त्यांचंच वाक्य घातलं.”

एक वर्तुळ मोठं आणि एक लहान, याला काही अर्थ आहे का, असं बाईंनी विचारलं. अर्थ नसतो, त्या म्हणाल्या, पण मी दोन्ही सारखीच काढते. हाताला वळण लागलेलं असतं.

बाहेर पडताना सार्नेत्स्काबाईंनी विचारलं, असं भरलेलं चित्र बघून तुमच्या विभागात किती जणांना खरा अर्थ कळला असता?

हुलेविचबाईंनी टेबलावरचा चहा शालीच्या टोकाने पुसला. “सगळ्यांना कळायला हवा. वीस वर्षं मी त्यांच्यासमोर काढतेय. पण ते खिडकीबाहेर बघत होते.”

३

गाडीत सार्नेत्स्काबाईंनी तो कागद पुन्हा उघडला. मग मोठ्याने विचार करायला लागल्या, तशी त्यांची सवय होती.

वर्तुळं गोरायस्कींनीच काढली असतील का? बाईंना चिडवायला, त्यांच्याच भाषेत? तर नाही. प्रेताच्या अंगात काळा कोट होता आणि त्याच्या बाहीवर खडूचा कणही नव्हता. बोटंही स्वच्छ. एवढा भाग गच्च भरणाऱ्याची बाही पांढरी झाल्याशिवाय राहत नाही. मग हुलेविचबाईंनी काढली? खून करून आपली सही ठोकून जायची, आणि सहीत शत्रूचं वाक्य लिहायचं, हे वेड्याचं काम. उरला तिसरा, वर्तुळं बाईंची वाटावीत म्हणून काढणारा. त्याला खोलीची, झोपेची, शेगडीची माहिती होती आणि वर्तुळांची नव्हती.

“असे किती आहेत?” मी विचारलं.

“विभागात पगार घेणारे तीन.”

तो गुरुवारी कुठे होता, हे त्यांनी तिघांपैकी एकालाही विचारलं नाही. कुठे होतो हे हुशार माणूस घरूनच ठरवून येतो, असं त्या म्हणायच्या. त्यांनी प्रत्येकापुढे कोरा कागद ठेवला आणि एक वाक्य चित्राने दाखवायला सांगितलं: काही अधिकारी प्रामाणिक असतात.

पहिले डॉक्टर पात्स. म्हातारे, गुबगुबीत, तत्त्वज्ञान शिकवायचे. जुन्या शाळेतून आलेले असल्याने वर्तुळांना शिवायला त्यांची ना नव्हती, फक्त कोणी पाहू नये. वाक्य ऐकून त्यांनी आधी दार बंद आहे का ते पाहिलं आणि अधिकाऱ्यांऐवजी बदकं चालतील का, असं विचारलं. चालतील, बाई म्हणाल्या. मग त्यांनी एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढली आणि पेन्सिल ठेवली. कुठेही भरलं नाही, कुठेही फुली नाही. आमच्या वेळी एवढंच असायचं, ते म्हणाले, एकमेकांत शिरली की ‘काही’, आत बसली की ‘सगळे’. हुलेविचबाईंचा विषय निघाला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की बिचारी तशी स्वभावाने वाईट नव्हती. होती, असं म्हणाले. कोठडी त्यांच्या खिडकीतून दिसत होती.

दुसरे डोसेंट ओक्ताव्यान लिशेत्स्की. गणितातून आलेले, देखणे, करड्या कोटावर कुठे धागाही नाही. त्यांचा एक मोठा सिद्धांत नुकताच छापून आला होता आणि पुढची खुर्ची त्यांचीच, असं सगळे धरून चालले होते. त्यांनी सार्नेत्स्काबाईंच्या हाताचं चुंबन घेतलं आणि कागदाकडे पाहिलंही नाही.

“बाईसाहेब, मी चित्रं काढत नाही.”

सोपं आहे, बाई म्हणाल्या.

“सोपं आहे म्हणूनच काढत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी देवळाच्या भिंतीवर नरक रंगवायचे. तुमच्या ड्रायव्हरला विचारा, त्याला आवडेल.” ते माझ्याकडे बघून हसले. “उभ्या आयुष्यात मी एक वर्तुळ काढलेलं नाही आणि हुलेविचबाईंचं एक पाहिलेलं नाही. माझ्यासाठी ती बाई म्हणजे ओला स्पंज घेतलेली पाठ.”

त्या पाठीचा तुम्हाला राग होता का, असं बाईंनी विचारलं. ते म्हणाले, माशीचा राग येत नाही, माशी उठवतात. मग घड्याळ बघून उठले. जाताना माझ्या मांडीवरच्या टोपीत त्यांनी एक नाणं टाकलं.

तिसरा सहायक सेव्हेरिन कुबाला. तिशीचा, केस लवकर गळलेला, सारखा हात चोळणारा. त्याने वाक्य ऐकलं, पेन्सिल उचलली, सारख्या आकाराची दोन वर्तुळं एकमेकांत शिरलेली काढली आणि विचार न करता मधोमध फुली मारली.

मारली आणि मग स्वतःच त्या फुलीकडे बघत राहिला. कागद ओढून घ्यायला त्याने हात पुढे केला, पण सार्नेत्स्काबाईंचा हात आधीच कागदावर होता.

४

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?” बाईंनी विचारलं.

कोणी नाही, सेव्हेरिन म्हणाला. मग म्हणाला, सहज. मग म्हणाला, दार लावून घ्या.

तो दोन वर्षं चोरून हुलेविचबाईंच्या घरी शिकायला जात होता. बाईसुद्धा ते गुपित ठेवत होत्या, त्याच्या नोकरीसाठी. कोठडीतही त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात खसखशीची पोळी खात खात याने सगळं शिकून घेतलं होतं, आणि गुरुवारी बैठकीत त्या फळा पुसत तेव्हा हाही इतरांबरोबर खिडकीबाहेर बघायचा.

“आणि आज त्या आत आहेत,” सार्नेत्स्काबाई म्हणाल्या.

मी कोणाला काही बोललेलो नाही, सेव्हेरिन म्हणाला. त्याला वाटलं ही त्याची बाजू आहे.

बाईंनी त्याला बोलतं केलं. मारहाण नाही, धमकी नाही. फक्त त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, जशी गृहिणी बाजारातल्या शिळ्या माशाकडे बघते. अशा वेळी हात चोळणारी माणसं बोलतात.

लिशेत्स्कींचा तो मोठा सिद्धांत हुलेविचबाईंनी वर्तुळांत मांडून पाहिला होता. मांडता मांडता त्यांना एक भाग कोरा दिसला. लिशेत्स्की पुराव्याच्या मध्यावर धरून चालले होते की त्या भागात काहीतरी आहेच. कशावरून आहे, हे कुठेही दाखवलं नव्हतं. अक्षरांच्या जंगलात ते कोणाला दिसलं नाही. चित्रात मात्र त्या खोलीत फुली नव्हती, आणि सगळा वरचा मजला त्या खोलीवर उभा होता. बाईंनी ते चित्र सेव्हेरिनला दिलं, वाटलं तर प्रोफेसरांना दाखव म्हणून. ते बघणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

“तुम्ही दाखवलंत?”

“त्यांच्या टेबलावर ठेवलं. माझ्या हातून गेलं हे कळू नये म्हणून बाकीच्या कागदांखाली सरकवलं.”

गोरायस्कींनी पाहिलं. गुरुवारी, बैठकीच्या आधी, त्यांनी लिशेत्स्कींना आत बोलावलं. शेजारच्या खोलीत सेव्हेरिन पुस्तकं लावत होता आणि भिंत पातळ होती. म्हातारा म्हणाला, मला या बाईची वर्तुळं बघून मळमळतं, आणि या वर्तुळांनी तुझं घर पाडलंय. सोमवारी मी हे विद्यापीठाला कळवणार. खुर्चीसाठी तुझं नाव दिलं होतं, ते परत घेणार आणि तिचं देणार. चहा आणू का, एवढंच लिशेत्स्कींनी विचारलं.

“हे तुम्ही लेफ्टनंटला का सांगितलं नाही?”

सेव्हेरिन म्हणाला की सांगायचं तर ते चित्र कोणी आणलं हेही सांगावं लागलं असतं. शिवाय खुर्ची आता लिशेत्स्कींचीच होणार, असं सगळे म्हणत होते.

सार्नेत्स्काबाईंनी पेन्सिलीला टोक काढलं, जरुरी नसताना. मग मला म्हणाल्या की याला बाहेर नेऊन पाणी पाज, नाहीतर इथेच घाण करील.

त्याला पाणी पाजून परत आल्यावर मी म्हणालो, झालं तर मग. त्या म्हणाल्या, काय झालं? एका भित्र्याने भिंतीपलीकडून ऐकलेलं. लिशेत्स्की कोर्टात म्हणतील, हा बाईंचा शिष्य आहे, बाईंना वाचवतोय, आणि कोर्ट त्यांचंच मानेल. टेबलावरचं ते चित्र तर केव्हाच शेगडीत गेलं असणार.

“मग बाईंना सोडवायचं कसं?”

“मूर्ख बनून,” सार्नेत्स्काबाई म्हणाल्या. “लिशेत्स्कींना मूर्ख माणूस सहन होत नाही.”

५

दुसऱ्या दिवशी दुपारी विभागाच्या एका वर्गात सगळे जमले; प्रोफेसरांच्या खोलीला अजून कुलूप होतं. पात्स, लिशेत्स्की, सेव्हेरिन, डीन, लेफ्टनंट. अपोलोन्याला दाराशी बसवलं होतं. तिने आल्या आल्या शेगडीची झडप हात घालून पाहिली, ते कोणाला आवडलं नाही.

सार्नेत्स्काबाई उभ्या राहिल्या आणि मुद्दाम चाचरत बोलायला लागल्या. तपास पूर्ण झालाय, त्या म्हणाल्या. फळ्यावर जे काढलं होतं ते विभागात कोणी पाहिलेलं नाही, म्हणून त्याचा अर्थ मी सांगते. ही तज्ज्ञांची भाषा, चूकभूल माफ करा. फळ्यावर असं काढलंय की एकही चित्र पुरावा नसतं.

पात्सांनी सवयीने खिडकीबाहेर पाहिलं.

म्हणजे असं दिसतं, बाई पुढे म्हणाल्या, की हुलेविचबाई त्या संध्याकाळी प्रोफेसरांकडे गेल्या आणि त्यांनी आपली हार मान्य केली. प्रोफेसरांचं म्हणणं खरं आहे, असं स्वतःच्या हाताने फळ्यावर काढून दिलं. भांडण मिटलं. ज्याच्यापुढे हार मानली त्याला कोणी मारत नाही. तेव्हा बाईंना मी आज सोडतेय, आणि प्रोफेसरांचा मृत्यू अपघात. त्यांनी कागद गोळा करायला घेतले.

डीननी सुटकेचा श्वास टाकला. पात्स मान डोलवायला लागले. मी लिशेत्स्कींकडे बघत होतो. त्यांचा चेहरा दुखऱ्या दाढेवर बर्फ लावल्यासारखा झाला होता.

“बाईसाहेब,” ते म्हणाले, “तुम्ही ते उलटं वाचलंय.”

बाई म्हणाल्या, नाही, मला तसंच सांगण्यात आलं.

“कोणी सांगितलं असेल ते गाढव आहे. त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. काही चित्रं पुरावे असतात, असं ती बाई फळ्यावर ठणकावून सांगतेय. ही हार नव्हे, हा हट्ट आहे. असल्या वाचनावर तुम्ही खुनी बाई मोकळी सोडणार?”

मला या गोष्टी चित्राशिवाय कळत नाहीत, सार्नेत्स्काबाई कसनुसं हसून म्हणाल्या. माझ्या ड्रायव्हरलाही कळत नाहीत.

लिशेत्स्की उठले. गोरायस्की हयात असते तर ते उठले नसते. त्यांनी खडू घेतला आणि वर्गातल्या फळ्यावर, मतिमंद पोराला शिकवावं तसं, एक मोठं वर्तुळ काढलं. हे पुरावे, म्हणाले. त्यात शिरणारं एक लहान वर्तुळ काढलं. ही चित्रं. मग खडू आडवा धरला आणि मधला तुकडा गच्च भरला. करड्या बाहीवर पांढरी भुकटी पडली.

“हा भाग भरलाय, कारण बोलणं याच भागाबद्दल आहे. कळलं?”

“कळलं,” सार्नेत्स्काबाई म्हणाल्या. आवाजातलं चाचरणं गेलं होतं. “वाक्य मी सांगितलं. भाग भरलाय, हे कोणी सांगितलं?”

लिशेत्स्की वळले. त्यांनी अपोलोन्याकडे बोट केलं.

अपोलोन्या म्हणाली, “मला गोल दिसले. गोलात काय होतं ते मला विचारू नका साहेब. मी काच फोडत होते, प्रदर्शन बघत नव्हते.”

मग ते म्हणाले की हे तर्काने निघतं. ‘काही’ दाखवायचं तर तोच भाग भरणार, कोणीही भरेल. सार्नेत्स्काबाईंनी दोन कागद टेबलावर ठेवले, पात्सांचा आणि सेव्हेरिनचा. दोघांनीही ‘काही’ दाखवलं होतं. पात्सांनी भाग कोरा सोडला होता आणि सेव्हेरिनने फुली मारली होती. भरला कोणीच नव्हता.

“आणि हुलेविचबाई भाग भरतात तेव्हा तो बुजवतात,” बाई म्हणाल्या. “भरला की तिथे काही नाही. मी वाचलं ते बरोबर वाचलं, डोसेंटसाहेब. त्यांच्या भाषेत फळ्यावर तेच लिहिलंय. उलटं वाचलंत तुम्ही, कारण काढलंत तुम्ही. तुम्हाला जे म्हणायचं होतं ते फक्त काढणाऱ्यालाच ठाऊक असणार.”

त्यांनी लेफ्टनंटचा कागद उघडला आणि फळ्याशेजारी धरला. मोठं वर्तुळ पुराव्यांचं, लहान चित्रांचं, खडू आडवा धरून भरलेला मधला तुकडा. लेफ्टनंटने आडव्या रेघोट्यासुद्धा उतरवल्या होत्या.

“लहान का काढलंत?” बाईंनी विचारलं. “हुलेविचबाई दोन्ही सारखी काढतात. सोंग घेतानासुद्धा तुमच्याच्याने चित्रांना पुराव्याएवढी जागा देववली नाही.”

लिशेत्स्कींनी फळ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. सेव्हेरिन मान खाली घालून भिंतीपलीकडून ऐकलेलं सांगायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला हाताने गप्प केलं. झडप लावल्याचं त्यांनी नाकारलं नाही. प्रोफेसरांबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त एवढं म्हणाले की तो कोरा भाग त्यांना अजून भरता आला असता, थोडा वेळ मिळाला असता तर.

“भरला असतात, तर तोही बुजला असता,” सार्नेत्स्काबाई म्हणाल्या. “लेफ्टनंट, यांना न्या.”

जाताना लिशेत्स्की माझ्यासमोरून गेले. मी ते नाणं त्यांच्या कोटाच्या खिशात टाकलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

६

हुलेविचबाईंना सोडायचा कागद तयार व्हायला दुसरा दिवस उजाडला. आणायला मी आणि सार्नेत्स्काबाई गेलो. हुलेविचबाई मागच्या सीटवर बसल्या, शाल तीच, आणि विचारलं की कोणी काढलं होतं. सार्नेत्स्काबाईंनी सगळं सांगितलं. गोरायस्कींनी चित्र शेवटपर्यंत पाहिलं, हेही सांगितलं. खुर्चीसाठी हुलेविचबाईंचं नाव देणार होते, हेही.

हुलेविचबाईंनी शाल पुन्हा घट्ट ओढली. मग म्हणाल्या, “हे लिशेत्स्कीला सांगितलं. मला का नाही सांगितलं?”

लाज वाटली असेल, सार्नेत्स्काबाई म्हणाल्या.

“वीस वर्षं माझ्याकडे पाठ करून बसले तेव्हा नाही वाटली.” त्यांनी खिडकीची काच हाताने पुसली. “पण पाहिलं म्हणता. शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत. कोऱ्या भागापर्यंत.”

विद्यापीठाच्या फाटकासमोरून रस्ता जातो. तिथे डीन, पात्स आणि सेव्हेरिन उभे होते. थंडी होती, तिघांच्याही टोप्या हातात होत्या आणि डीनकडे शेवंतीचा मोठा गुच्छ होता. आमच्याकडे शेवंती मेलेल्याला वाहतात. प्रोफेसरांच्या अंत्यविधीला आणलेली, त्यातली उरलेली होती. खुर्ची तूर्त पात्सांना द्यायची असं सकाळीच ठरलं होतं, त्यांचा कोणाला त्रास नाही म्हणून, आणि बाईंना वर्ग चालू ठेवायची परवानगी मिळणार होती. हे सांगायलाच ते उभे होते. गाडी दिसताच सेव्हेरिनने हात वर केला, आणि आपल्या आधी कोणी केला आहे का ते बाजूला पाहिलं.

मी गाडी हळू केली.

“यांच्यापैकी कोणी मला कोठडीत भेटायला आलं होतं का?” हुलेविचबाईंनी विचारलं.

नाही, मी म्हणालो.

“मग गाडी कशासाठी हळू करताय?”

मी गाडी तशीच पुढे घेतली. आरशात पाहिलं तर तिघे फाटकात उभेच होते. डीननी गुच्छ पात्सांच्या हातात दिला, पात्सांनी तो सेव्हेरिनच्या हातात दिला, आणि पुढे काय करायचं ते कोणालाच सुचत नव्हतं.